गाण्यातली रुतुजा, बोलण्यातली रुतुजा

आमी मूळचे मेंढरांमागचे, ताई. माझा बाप, बापाचा बाप, समदे. आता निमगाव साव्याला, माझ्या माहेराला गेलात तर मेंढरं दोन-चार घरांत दिसतील, बाकीचे शेतीला लागले, कुणी चाकणला कंपनीत जातो, कुणाचा पिकअप हाय. पण मी लहान व्हते तवा दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे घर न्हाई, वाडा म्हणजे मेंढरं, कुत्री, कोंबड्या, भांडीकुंडी आन् घोड्याच्या पाठीवर गाठोड्यासंगं बांधलेली आमी पोरं. घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. म्हणून माझी शाळा तुटक तुटक झाली, चौथीत सुटली ती सुटलीच. शालन माझं नाव. शालनच लिहा, आडनावाचं काय करायचंय.

काय सांगू तुमाला माझ्या बापाचं बोलणं. आबा म्हणायचो आमी त्याला. मेंढरांशी बोलायचा ते येगळंच, जिभेनं टकटक करायचा, मंग घशातून असं हुर्र काढायचा की लांबचं मेंढरू मान वर करायचं. आमच्याशी बोलायचा ते साधं, आपलं. कोकणात ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्याशी बोलायला गेला की त्यांच्यासारखाच हेल काढायचा, आमी पोरं तोंड दाबून हसायचो. आन् देवापुढं ओव्या म्हणायला बसला की कानावर हात ठेवून असा सूर लावायचा, आन् शब्द असे की घरात कधी त्याच्या तोंडून निघाले न्हाईत. पण ह्यातला खरा आबा कुठला, असं कधी मनात आलं न्हाई. बाप तो बाप. हे मला आता आठवतंय, पोरीचं सगळं झाल्यावर. तवा मेलं काहीच आठवत न्हवतं.

लग्न होऊन मी हिकडं पिंपरी पेंढारला आले. आमचे हे स्वभावानं शांत, बोलणं कमी, तुमी दिवसभर बसलात तर चार शब्द निघतील. आमी कांदा करतो, टमाटी करतो, थोडा ऊस. घर गावात न्हाई, वस्तीवर हाय, तुमी आलाच की आता रस्त्यानं, दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. आन् ऊस म्हणलं की बिबट्या आला. लांबच्या लोकांना वाटतं आमी वाढवून सांगतो. ताई, आमच्याकडं बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला बसतात. मी बी घातलाय. वाकलं की पट्टा हनुवटीला लागतो, घाम आला की खाजतं, आन् तरी काढायची हिंमत होत न्हाई. वनखात्याची माणसं सांगून गेली, एकटं जाऊ नका, वाकून काम करताना आवाज करत राहा, मोबाइलवर गाणी लावा. मंग काय, समद्या शिवारात गाणी. ह्या बांधावर भजन, त्या बांधावर लग्नातली, पलीकडं कुणाची सिरियलच चालू.

रुतुजा माझी एकुलती एक. तवा नववीत व्हती. शाळा सुटली की दप्तर टाकून माझ्याकडं वावरात. आमचा दोघींचा ठरावच व्हता, मी सरीत, ती बांधावर, आन् आवाज थांबता कामा नये. एक तर फोन वाजला पायजे न्हाईतर तिचं तोंड. जोवर आवाज येतोय तोवर पोरगी हाय. जरा आवाज थांबला की मी खुरपं टाकून उठायची, रुते, रुते म्हणून वरडायची, ती म्हणायची अगं मम्मी, पाणी पितीया, जरा दम धर की. तर तिच्या फोनात गाणी कसली, तर इंग्रजी. शाळेतल्या मैत्रिणीनं कुणीतरी टाकून दिली व्हती. शेजारची वहिनी म्हणायची, शालन, तुझ्या वावरात बिबट्या यायचाच न्हाई, त्याला इंग्रजी कळत न्हाई.

असंच एका दिवशी, टमाटी बांधत व्हते मी, फोन माझ्यापाशी व्हता, चार्जिंग संपलं म्हणून कमरेला खोचलेला. आन् उसाच्या पलीकडनं गाण्याचा आवाज. इंग्रजी. मोकळा, लांब, अशी एखादी तिकडची बाई गात असंल ना तसा. मी म्हणलं फोन लागला वाटतं, म्हणून कमरेला हात लावला, तर फोन बंद. फोन हितं, मंग हे कोण गातंय? मी तशीच सुतळी हातात घेऊन पळाले, तर पाटाच्या पाण्यात पाय सोडून माझी पोरगी बसलीय आन् तिच्या तोंडातून ती दुसरीच बाई गातीय. ताई, खोटं न्हाई सांगत, मी भ्याले. मला वाटलं काय शिरलं हिच्यात. मी तिला गदगदा हालवलं, म्हणलं, हा आवाज कुणाचा? ती दचकली, म्हणली, माझाच की, कुणाचा असणार. मी म्हणलं, तू अशी कुठं बोलतीस? इंग्रजीच्या तासाला तरी अशी बोलतीस का? ती म्हणली, मम्मी, बोलत न्हाई गं मी अशी, पण हे गाणं असंच हाय.

मंग तिनं मला करून दाखवलं. पाटाच्या पाण्यावर हात मारला, म्हणली, ह्याला आमच्या शाळेत सर काय म्हणतात, वाटर. खणखणीत ट. आन् गाण्यात ती बाई म्हणती वॉडर, जीभ नुसती लागती न लागती. आता मी आपल्या वाटरनं गाऊन दाखवते. आन् तिनं तीच ओळ आपल्या तोंडानं म्हणली, तर अशी ठेचा खात चालली ती ओळ, की आमी दोघी हसलो. ती म्हणली, बघ, गाणं मोडतं. मी म्हणलं, मोडू दे न्हाईतर राहू दे, पण मला हाक न देता असं गात जाऊ नकोस. तिथं ते मिटलं. माझ्या मनातून न्हाई मिटलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, गातीय न्हवं, मंग गाऊ दे.

बारावीनंतर पोरगी पुण्याला कॉलेजात गेली. हॉस्टेलवर राहायला. तिथं कॉलेजातल्या पोरांचा एक बँड व्हता, गिटार, ड्रम वगैरे, त्यांना गाणारी पायजे व्हती. रुतुजानं गाऊन दाखवलं आन् तिला घेतली. फोनवर सांगायची, मम्मी, आज हितं गायलो, आज तिथं गायलो. आवाजात हसू असायचं. माझं आपलं तेच, जेवलीस का, परत हॉस्टेलवर कुणासंगं आलीस, अंगावर धड कापडं हायेत ना. इंग्रजी गाण्यातलं मला काय कळतंय. पण तिचा फोन आला न्हाई की मी बोटं मोडत बसायची.

आन् मंग ते झालं. कॉलेजात मोठा कार्यक्रम व्हता, बाहेरच्या कॉलेजांची पोरं आलेली. रुतुजा गायली. मैत्रिणीनं मला सांगितलं नंतर, काकू, सगळा हॉल गप्प झाला व्हता. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आन् सूत्रसंचालन करणारा पोरगा माइक घेऊन आला आन् इंग्रजीत इचारलं, वाटतं तू परदेशात वाढलीस, कुठली तू? तर ही आमची, तिला कुठं ठावं, सरळ सांगितलं. माय व्हिलेज इज पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. माय फादर इज डुइंग फार्मिंग. आपल्या शाळेत शिकवलं त्याच तऱ्हेनं. तर हॉल हसला. आधी चार जणं, मंग सगळेच. तो पोरगा बी हसला आन् म्हणला, मंग आता जी गात व्हती ती कोण व्हती? ही माइक हातात धरून तशीच उभी.

तिथंच राहिलं असतं तर ठीक व्हतं. पण कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. आधी गाण्याचा तुकडा, लगेच बोलण्याचा तुकडा, परत गाण्याचा, परत बोलण्याचा. आन् वर लिहिलं, गाताना अमेरिका, बोलताना पिंपरी पेंढार. तो फिरत फिरत आमच्या गावात आला. मला वहिनीनं दाखवला. तिनं चांगल्या मनानं दाखवला, म्हणली, रुतुजा फेमस झाली बघ. मी बघितलं, माझ्या पोरीचा चेहरा बघितला त्यात, हसू कसं आत गेलं ते बघितलं, आन् मला कळलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं व्हतं ते मी वाचलं न्हाई, ह्यांनी वाचलं. खोटारडी, नक्कल करती, गावाची लाज वाटती का हिला. ह्यांनी फोन खाली ठेवला आन् विहिरीवरची मोटार चालू करायला गेले. लाइट न्हवती त्या येळेला, तरी गेले.

दोन-तीन दिवसांनी रुतुजा घरी आली. एसटीनं, बॅग घेऊन. म्हणली, सुट्टी हाय. कसली सुट्टी, मी बी इचारलं न्हाई. आन् त्या दिवसापासून पोरीचं तोंड बंद. म्हणजे हो, न्हाई, भूक न्हाई, एवढंच. गाणं तर सोडाच, भाकरी वाढ म्हणायला बी मान हलवायची. तुमी बघा ताई, ज्या घरात आवाज थांबला की माझा जीव जायचा, त्या घरात पोरगी समोर बसलेली आन् आवाज न्हाई. मी भांडी मुद्दाम आदळायची. रेडिओ लावायची. काही बी बडबडत राहायची तिच्यापुढं, म्हैस असं करती, वहिनी तसं म्हणली, ती नुसती बघायची. नारायणगावला डॉक्टरकडं नेली, त्यांनी रक्त कमी हाय म्हणून गोळ्या दिल्या. जाऊबाई म्हणल्या, बाहेरचं बघून घे, आवाज बदलणं काही साधं न्हाई. माझ्या मनात पाटाच्या पाण्याजवळचं आलंच, खोटं कशाला सांगू. पण ह्यांनी डोळे मोठे केले, म्हणाले, माझ्या पोरीला कुठं न्यायची न्हाई.

एक दिवस दुपार कलली तरी पोरगी दिसंना. घरात न्हाई, गोठ्यात न्हाई. वहिनीकडं न्हाई. फोन घरात, चपला न्हाईत. मी वरडत सुटले, रुते, रुते. ऊस असा उभा, वारं बी न्हाई. त्याच आठवड्यात खालच्या वस्तीला वनखात्यानं पिंजरा लावला व्हता. पण ताई, आईच्या मनात काय येतं ते तुमाला सांगते, मी उसाकडं न्हाई पळाले, मी आधी विहिरीकडं पळाले. विहिरीच्या काठावर जाऊन खाली बघायला माझी मान वाकंना. डोळे मिटून उभी राहिले. मंग हे आले मागनं, त्यांनी बघितलं, म्हणाले, काही न्हाई, पाणी निवांत हाय. तवा मी खाली बसले.

पोरगी मोटारीच्या खोलीत व्हती. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, मी वरडत व्हते ते तिला ऐकू जात असंल, तरी ओ दिली न्हाई. स्टार्टरच्या पेटीखाली बसलेली, तोंड भिंतीकडं. ओठ हालत व्हते. मी जवळ गेले तर ती इंग्रजी बोलत व्हती, आवाज न काढता, तेच वाक्य, माय व्हिलेज, माय व्हिलेज, गाण्यातल्यासारखं बोलून बघत व्हती. जमत न्हवतं. मला बघितलं आन् रडायला लागली, किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी, तो रडण्याचा ऐकला. म्हणली, मम्मी, गाताना येतं, मंग बोलताना का येत न्हाई? लोक म्हणतात ते खरं हाय का, मी खोटी हाय का? मी तिला पोटाशी धरलं आन् म्हणलं, तू माझी हायेस. पण तिला जे इचारायचं व्हतं त्याचं ते उत्तर न्हवतं, हे मला बी कळत व्हतं.

मंग मला माझा भाऊ आठवला. पोपटदादा, माझा थोरला. तो आंबेगाव तालुक्यात मंचरच्या बाजूला राहतो, आता त्याचं मंडपाचं काम हाय, पण तरुणपणी ऑर्केस्ट्रात गायचा. जत्रा, लग्नं, गणपती. हिंदी गाणी अशी म्हणायचा की लोक इचारायचे हा मुंबईचा का. मी फोन केला, म्हणलं, दादा, असशील तसा ये. तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आला. चहा घेतला, रुतुजाला समोर बसवलं, आन् म्हणला, तुला एक सांगतो. एका जत्रेत मी लई दुःखाचं हिंदी गाणं म्हणलं. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत व्हत्या. गाणं संपलं आन् कुणीतरी चिठ्ठी आणून दिली, पोरगं हरवलंय, पुकारा. मी त्याच तोऱ्यात हिंदीत पुकारलं, एक बारका पोरगा हरवला है, निळा चड्डी घातला है, जिसका असेल उसने घेऊन जाना. रडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी त्या दिवशी जेवलो न्हाई.

रुतुजा जरा हसली. माझा जीव भांड्यात पडला. ती म्हणली, मामा, पण असं होतं का? दादा म्हणला, मला वाटतं ते सांगतो, बरोबर असंल न्हाईतर चूक. बोलताना शब्द तुला शोधायचे असतात, काय बोलू, कसं बोलू, तवा तोंड आपल्या सवयीनं चालतं. गाण्यात शब्द शोधायचे न्हाईत, ते तयार आलेले. आन् ते कुणाच्या तरी तोंडून आलेले, सुरासकट, हेलासकट. आपण पोरांसारखं सगळं एकदमच उचलतो. वर सुरात अक्षर ताणलं की आपल्या बोलण्याचा चढ-उतार राहतोच कुठं, चाल सांगंल तिथंच जोर द्यायचा. मी काय ठरवून मुंबईवाला व्हत न्हवतो. गाणं तसं व्हतं. मंग रुतुजा म्हणली, पण मामा, तुमचा कुणी व्हिडिओ न्हाई केला. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् गेला.

त्याच आठवड्यात तिच्या कॉलेजातल्या एका मॅडमचा फोन आला. गाणं शिकवतात त्या, इंग्रजी गाणी सुद्धा. पोरगी फोन घेईना, मीच घेतला, म्हणलं, मॅडम, माझी पोरगी बोलत न्हाई. त्या म्हणल्या, फोन तिच्या कानाला लावा, तिला बोलायला सांगू नका. मी स्पीकर लावला. मॅडम म्हणल्या, रुतुजा, इंग्लंडात जी माणसं जन्मली, ज्यांची ही भाषा आहे, त्यांतले कितीतरी जण बोलतात एक आणि गाताना अमेरिकेसारखं गातात. ठरवून नाही. ह्या तऱ्हेची गाणी बरीचशी तिकडून आली, सगळ्यांच्या कानात तीच बसली, म्हणून तोंड तिकडं वळतं. उलट त्यांना स्वतःच्या बोलीत गायचं असेल तर मुद्दाम जोर लावावा लागतो. तू खोटं काही केलेलं नाहीस. परत ये. मी मनात म्हणलं, साहेबाचं पोर बी असंच करतं, मंग आमच्या पोरीलाच का हसतात? फोन ठेवल्यावर रुतुजा मला म्हणली, मम्मी, भाकरी वाढ.

ती परत निघाली तवा मी म्हणलं, मी येते संगं. मला तिला एकटीला सोडवंना. पुण्यात तिच्या बँडची पोरं एका पोराच्या घराखालच्या पार्किंगशेजारच्या खोलीत सराव करायची, तिथं गेलो. पोरं चांगली व्हती ताई, मला काकू म्हणले, खुर्ची दिली, पाणी दिलं. गिटारवाला पोरगा म्हणला, रुतुजा, झालं ते एका अर्थी चांगलंच झालं, लाखो लोकांनी तुला बघितलं. आता आपण असं करू, तेच गाणं तू तुझ्या गावच्या तोंडानं गा. एकदम देशी. लोकांना खरं आवडतं, हे जोरात चालेल. माझ्या मनात आलं, बरं झालं, पोरीला परत घेतायत. मीच म्हणलं, म्हण की रुते. 

तिनं म्हणलं. ट खणखणीत, ड खणखणीत, पाटाजवळ हसत हसत म्हणलं व्हतं तसं. पोरं टाळ्या वाजवायला लागली, एकानं फोन काढला शूटिंगला. मी तिच्याकडं बघत व्हते. अर्ध्यातच थांबली. म्हणली, हे मी न्हाई करणार. तो पोरगा म्हणला, अगं, पण हाच तर तुझा खरा आवाज. तवा माझी पोरगी, जी महिनाभर बाहेरच्या कुणाशी धड बोलली न्हवती, ती म्हणली, माझा खरा आवाज मला म्हाईती हाय. गाताना मी जशी कानानं शिकले तशी गाते. बोलताना आईबापाकडनं शिकले तशी बोलते. दोन्ही माझंच हाय. आता जे मी केलं ते तिसरंच हाय, ते मी कधीच न्हाई केलं, ते तुमाला हसायला पायजे म्हणून हाय. तो गिटारवाला म्हणला, मंग बघ बाई, आमाला दुसरी कुणी बघावी लागंल. ती म्हणली, बघा. बॅग उचलली आन् मला म्हणली, चल मम्मी.

मला वाटलं, गेलं, आता हिचं गाणं बी गेलं, परत मोटारीच्या खोलीत जाऊन बसंल ही. रिक्षात बसलो, मी तिच्याकडं बघायला घाबरत व्हते. आन् ती बोलायला लागली ताई, ती थांबंनाच. त्या पोराचं गिटार कधी सुरात नसतं म्हणली, हॉस्टेलची भाजी कशी असती, मैत्रीण काय म्हणली, मला म्हणली तू कशाला म्हण की रुते असं म्हणलीस गं. रिक्षावाला बी आरशातनं बघायला लागला. मी नुसती हं हं करत व्हते आन् पदरानं डोळे पुसत व्हते.

पुढं ती त्या मॅडमकडं गायला लागली. पाच-सहा पोरी हायेत, कार्यक्रम करतात. पहिल्या कार्यक्रमाला आमी दोघं गेलो व्हतो, ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला व्हता. गाण्याआधी रुतुजानं माइकवर दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली, आपल्या तोंडानं, सावकाश, गावाचं नाव घेऊन. मागं कुणीतरी खुसखुसलंच. माझी मान खाली गेली, ह्यांनी खुर्चीचा दांडा असा आवळून धरला. ती थांबली, हसू संपायची वाट बघितली, राहिलेलं वाक्य पुरं केलं, आन् मंग गायली, त्या दुसऱ्या तोंडानं, लांब, मोकळी. टाळ्या झाल्या, लई न्हाई, बऱ्या झाल्या. तो जुना व्हिडिओ अजून कुठंतरी फिरत असतो. अजून कुणी कुणी लिहितं. तिला वाईट वाटत न्हाई असं न्हाई, त्या दिवशी जरा कमी जेवती, मला कळतं.

आता तिला गोव्याला काम मिळालंय, एका हॉटेलात गायचं, मॅडमच्या ओळखीनं, सहा महिन्यांचं. रविवारी निघायचीय. मला लोकांचं काही न्हाई, पण तिथं खोली कशी असंल, गाणं संपल्यावर परत कोण सोडणार, समुद्राच्या कडंला जाती का काय, पोहायला तर येत न्हाई. परवापासून माझा डोळ्याला डोळा न्हाई. शेंगदाण्याची चटणी केलीय, बाजरीचं पीठ बांधलं तर म्हणती, मम्मी, तिथं भाकरी कुठं थापू मी. ह्यांनी तिच्या बॅगेला नवं कुलूप आणलंय, तीनदा उघडझाक करून बघितलं. मी म्हणलं, रोज सकाळी फोन कर, न्हाई केलास तर मी पहिल्या एसटीनं येईन. ती हसली, म्हणली, येशील गं तू, म्हाईती हाय. बघा, आत बॅग भरतीय, इंग्रजीत काहीतरी गुणगुणतीय, मधेच मला इचारतीय टॉवेल कुठं ठेवलास. जाऊ दे तिला. देव तिला चांगली माणसं भेटवो, घशाला जपो. माझं घाबरणं काय, ते जन्माचं हाय, ते हितंच माझ्यापाशी राहू दे. तिच्या बॅगेत नको.